मृग ते आश्लेषा : मासळीला दोन महिने द्या



मृगाचा पाऊस पडला की आपल्या भागात दोन घाया एकदम सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी नाल्यावरच्या मासळीची. उन्हाळाभर डोहात दडून बसलेली मासळी नवे गढूळ पाणी येताच त्याला सामोरी निघते. जाम आणि कन्हान सोडून ती लहान नाल्यांत शिरते, वावराच्या धुऱ्यापर्यंत चढते. घोटाभर पाण्यात तिची पाठ उघडी दिसते. मग पोरे टोपल्या, मच्छरदाण्या आणि काठ्या घेऊन धावतात आणि मोठी माणसेही मागे राहत नाहीत. पावसाने दिले ते घेतले, त्यात चोरी कसली, असे बहुतेकांना वाटते.

नेमक्या याच दिवसांत सरकारची मासेमारी बंदी सुरू होते. आठवडी बाजारात कुणाची टोपली जप्त झाली की कुरकुर ऐकू येते : "गरिबाच्या ताटातला तुकडाही सरकारला दिसवत नाही." ही कुरकुर कितपत खरी आहे ते आज आपण नीट पाहू. नियम काय आहे, तो कशासाठी आहे, आपल्या पाण्यात कोणती मासळी आहे आणि शेतकऱ्याने काय करावे, अशा क्रमाने आम्ही सांगणार आहोत. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. शेतकऱ्याला हा नियम नवा नाही. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याची कणगी फोडायची नाही, हे आपले वाडवडील पाळत आले. मासळीचा नियम तोच आहे, फक्त कणगी पाण्यात आहे.

नियम काय सांगतो

मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत नद्या आणि जलाशयांत मासे पकडण्यास बंदी असते. हा काळ राज्याच्या १९७२ सालच्या नदी मत्स्योद्योग नियमांत ठरवून दिलेला आहे. दरवर्षी जिल्हाधिकारी तशी सूचना काढतात. नक्षत्रांच्या हिशेबाने पाहिले तर मृग अर्धा सरल्यापासून आश्लेषा संपेपर्यंतचा हा काळ आहे. बहुधा पोळ्याच्या आत बंदी उठलेली असते.

बंदी केवळ पकडण्यावर नाही. या काळात अशी मासळी विकणे, विकत घेणे आणि वाहून नेणे यांवरही बंदी आहे. नियम मोडल्यास १९८१ च्या मत्स्यक्षेत्र कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जाळे आणि मासळी जप्त होते ती वेगळीच.

एक सूट मात्र आहे आणि ती शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. ज्या लहान तलावाचा किंवा तळ्याचा कोणत्याही नदीनाल्याशी संबंध नाही आणि ज्याला सरकारने राखीव पाणी ठरवलेले नाही, त्याला ही बंदी लागू नाही. म्हणजे आपल्या वावरात खोदलेल्या, चारी बाजूंनी बांध असलेल्या शेततळ्यातली मासळी आपण या काळातही काढू शकतो. पण वावराला लागून वाहणारा नाला आपला नव्हे. नाल्याचा काठ सातबाऱ्यात असला तरी त्यातून चढणारी मासळी नदीची आहे.

सौंसरचे बरेच लोक बाजारासाठी सावनेर आणि नागपूरकडे जातात. तिकडे महाराष्ट्राचे नियम लागतात. ते तिथल्या मत्स्य कार्यालयात विचारून घ्यावेत, इकडच्या तारखा तिकडे सांगून उपयोग नाही. महाराष्ट्राच्या समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. म्हणजे पावसाळ्यात मासळीला उसंत द्यायची ही रीत समुद्रापासून आपल्या नाल्यापर्यंत सारखीच आहे.

हेच दोन महिने का?

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या बाजारातले मुख्य मासे. ते वर्षातून एकदाच, पावसाळ्यात अंडी घालतात. त्यांना साचलेले पाणी त्यासाठी चालत नाही. पूर यावा, पाणी वाहते आणि गार व्हावे, काठचा गवताळ भाग पाण्याखाली जावा, तेव्हाच नर-मादी उथळ पाण्यात येतात. म्हणूनच मासळी नाल्यात चढते. ती चारा शोधायला आलेली नसते, ती बाळंतपणाला आलेली असते.

एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात दोन ते तीन लाख अंडी असतात. अंडी घातल्यावर दिवसभराच्या आत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. ती इतकी बारीक असतात की त्यांना मत्स्यजिरे म्हणतात, आणि खरोखरच ती स्वयंपाकातल्या जिऱ्यासारखी दिसतात. पुढे वाढून बोटाएवढी झाली की तीच बोटुकली. या वाटेत बेडूक, पाणकिडे, पक्षी आणि मोठे मासे त्यांतली बहुतेक खाऊन टाकतात. लाखांतून मोजकीच मोठी होतात, म्हणून तर अंडी लाखांनी असतात. अशी भरल्या पोटाची मादी काठीने मारली तर एका जेवणाचे कालवण होते आणि नदीतून पुढच्या दोन-तीन वर्षांची मासळी जाते. एका नाल्यावर एका संध्याकाळी अशा वीस माद्या मारल्या गेल्या, तर साठ लाखांपर्यंत अंडी गेली. हा हिशेब चौथीतले पोरही करील.

पूर्वी तलावात सोडायचे बीजसुद्धा पुराच्या नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची अंडी घडवून आणली. त्यावरून हॅचरीत बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला. आज १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण हॅचरीचे बीज मुख्यतः कार्प माशांचे असते. नदीतल्या बाकीच्या जातींना पावसाळ्यातला हा काळ सोडून दुसरा आधार नाही.

आपल्या पाण्यातली मासळी

नियम पाळायचा तर मासा ओळखता आला पाहिजे. म्हणून मुख्य जाती थोडक्यात देत आहोत.

कटला : मोठे डोके, वर वळलेले तोंड. पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि लवकर वाढतो.

रोहू : लालसर खवले, लहान तोंड. मधल्या थरात राहतो. चवीला लोक यालाच पहिला मान देतात.

मृगळ : लांबट आणि चंदेरी. तळाशी चरतो.

मरळ : सापासारखे डोके असलेला, अंगावर पट्टे असलेला मासा. हवेतला श्वास घेऊ शकतो म्हणून कमी पाण्यातही तग धरतो. याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाणवनस्पतींत मरळ अंडी घालतो आणि पिल्ले बाहेर पडल्यावर आई-बाप त्यांची राखण करतात. पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला की खाली मोठा मरळ आहे हे मासेमाराला कळते आणि तो नेमका तिथेच भाला मारतो. राखणदार गेला की तासाभरात पिल्लांचा फडशा पडतो. असा गोळा दिसला तर हात आवरावा.

शिंगाळा : मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. तळाच्या मातीत खळगा करून अंडी घालतो आणि त्यांची राखण करतो.

वाम : सापासारखा लांब, पाठीवर काट्यांची रांग. दगडांच्या कपारीत राहतो.

देशी मांगूर : चिखलात राहणारा, मिशांचा मासा. हवेतला श्वास घेतो, म्हणून बाजारात जिवंत विकला जातो.

महासीर : मोठ्या खवल्यांचा, जोरकस, गोट्यांच्या वाहत्या नदीतला मासा. २०११ साली मध्य प्रदेशाने याला राज्यमासा ठरवले. नर्मदेवर धरणे होऊन पाणी थांबले तसा तो तिथे फार कमी झाला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्ले तयार करून नद्यांत सोडण्याचे काम केले आहे. आपल्याकडे कुणाच्या जाळ्यात महासीर आलाच तर तो पाण्यात परत सोडावा.

आता परक्या जातींचे दोन शब्द. तिलापिया हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा पिल्ले देते, त्यामुळे तलाव पाहता पाहता बारीक तिलापियाने भरतो आणि देशी मासळीला जागा उरत नाही. दुसरा थाई मांगूर. हा आफ्रिकी जातीचा खादाड मासा समोर येईल ती मासळी खातो. काही जण त्याला कत्तलखान्यातली घाण घालून वाढवतात. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती कडक पाळण्यास सांगितले. कमी दिवसांत जास्त वजन, असे सांगून कुणी त्याचे बीज विकायला आला तर घेऊ नये. पुरात तळे फुटले तर तो नदीत शिरतो, आणि एकदा शिरला की काढता येत नाही.

मोठ्या तलावाचा धडा

आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ साली वेगळा झाला. त्याआधी पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिली छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. त्या जुन्या जिल्ह्यातून वाहणारी पेंच नदी कामठीजवळ आपल्या कन्हानला मिळते. पेंचवर, दोन राज्यांच्या सीमेवर, तोतलाडोहचे धरण आहे. त्याचा जलाशय सत्तर चौरस किलोमीटरहून मोठा असून त्याचा बराचसा भाग मध्य प्रदेशात येतो. तिथल्या १६० मेगावॅट विजेचे दोन वाटे मध्य प्रदेशाला आणि एक वाटा महाराष्ट्राला मिळतो. नागपूर शहराचे पिण्याचे पाणीही याच साठ्यावर चालते.

हा जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात आहे. जंगलातून हलवलेल्या आदिवासी कुटुंबांना पोटासाठी मासेमारीचा आधार हवा होता. १९९६ साली मध्य प्रदेशच्या वनखात्याने अशा ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध प्राणी आणि पर्यावरण यांसाठी काम करणाऱ्या वकिलांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. माणसे जंगलात शिरतील, आगी लागतील, शिकारी वाढतील, अशी तिची भीती होती. ५ मार्च १९९७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. जंगल जपलेच पाहिजे, पण ज्यांचे घर गेले त्यांच्या भाकरीचाही विचार झाला पाहिजे, असा त्याचा रोख होता. परवाने रद्द झाले नाहीत, पण त्यांना अटी लागल्या. परवानाधारकाकडे फोटोचे ओळखपत्र हवे, ठरलेल्या वाटेनेच ये-जा व्हावी, काठावर आग पेटवू नये, न कुजणारा कचरा टाकू नये.

पुढे व्याघ्र प्रकल्पाचे नियम आणखी कडक झाले आणि आज तोतलाडोहच्या पाण्यात मासेमारीला मनाई आहे. तरीही चोरून जाळी टाकली जातात, पकडापकडी होते, कधी हाणामारीवरही प्रकरण येते. या साऱ्या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट दिसते. ज्या पाण्यात नियम वेळेवर आणि सर्वांच्या संमतीने पाळला जातो, तिथे मासेमार आणि मासळी दोघेही टिकतात. जिथे तो पाळला जात नाही तिथे शेवटी सरसकट बंदी येते, आणि तिचा घाव सगळ्यात आधी गरिबाच्या चुलीवर बसतो.

तोतलाडोहच्या वरच्या अंगाला, चौरई तहसिलीत, पेंचवरच माचागोरा धरण झाले. पावसाने ओढ दिली तेव्हा २०१९ साली तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि त्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी मिळाले. तलाव असा आटतो तेव्हा उरलेल्या डबक्यांत सगळी जुनी मासळी गोळा होते आणि ती ओरबाडणे फार सोपे असते. आपल्या भागातले तलाव तर बऱ्याच वर्षी चैत्र-वैशाखात असेच आटतात. तेव्हा खोल डोहात थोडी जुनी मासळी राहू द्यावी. तीच पुढच्या पावसाळ्याचे बियाणे.

शेजाऱ्याची चूल

बंदीचे दोन महिने शेतकऱ्याला जड नाहीत, त्याला पेरणी-डवरणीतून फुरसत नसते. जड जातात ते ढीमर, भोई, कहार आणि केवट बांधवांना, कारण त्यांचे शेत म्हणजे पाणी. नियम ते पाळतात आणि नाल्यावर मासळी मारतो आपण, ही गोष्ट न्यायाची नाही.

त्यांच्यासाठी काही सोयी आहेत, त्या त्यांना सांगाव्यात. बचत आणि मदत योजनेत मासेमाराने वर्षात पंधराशे रुपये जमा केले की सरकार तीन हजार घालते आणि ही रक्कम कामाच्या बंद किंवा मंद अशा तीन महिन्यांत परत मिळते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचा विमा आहे. मासळी पाळणाऱ्यांना किसान क्रेडिट कार्डही मिळते. गावचे तलाव दहा वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. दहा हेक्टरपर्यंतचे तलाव ग्रामपंचायतीकडे आणि त्याहून मोठे, शंभर हेक्टरपर्यंतचे जनपद पंचायतीकडे असतात. पट्टा देताना मासेमारांच्या सहकारी संस्थांना आधी विचारायचे असते. ग्रामसभेत हा विषय आला की पैसेवाल्याच्या बाजूने हात वर करण्याआधी या नियमाची आठवण ठेवावी.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर बांधवांनी आणि भगिनींनी जुन्या मालगुजारी तलावांतली बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि हरवत चाललेल्या देशी माशांच्या जाती तिथे पुन्हा दिसू लागल्या. हे काम मुख्यतः गावच्या हातांनी झाले.

विष, वीज आणि सुरुंग

आता आरोग्याची गोष्ट. आपल्याकडे संत्रा आणि कापूस आहे, म्हणून घरोघरी फवारणीची औषधे आहेत. काही जण हेच औषध डोहात ओततात आणि तरंगणारी मासळी गोळा करतात. काही जण ब्लिचिंग पावडर टाकतात. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. तो कायदा जुना असला तरी त्यातले शहाणपण जुने झालेले नाही.

विषाने मेलेली मासळी कितीही शिजवली तरी सुरक्षित होत नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. त्याच डोहाचे पाणी खालच्या गावातली बाई भरते, त्याच पाण्यावर बैल येतात. फवारणीचा पंप आणि रिकामे डबे नाल्यात धुणे हाही तोच अपराध आहे, फक्त हळूहळू होणारा. पंप वावरातच, विहीर आणि नाल्यापासून दूर धुवावा.

तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणारेही आहेत. त्यात मासे मरतात, आणि कधी कधी वीज सोडणाराही मरतो. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला वाचवायला धावलेला दुसराही जातो. घरातल्या तरुण पोरांना हे स्पष्ट सांगून ठेवावे.

चांगली मासळी मात्र जरूर खावी. शंभर ग्रॅम रोहूत सुमारे १७ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे वाढत्या मुलांना आणि गरोदर बाईला मोठाच आधार. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून कॅल्शियम मिळते. घेताना कल्ले लाल, डोळे चमकदार आणि मांस दाबल्यावर परत वर येणारे असे पाहून घ्यावे. गोड्या पाण्याचा मासा पूर्ण शिजवूनच खावा. उपवासकाळातल्या शुक्रवारी आपल्या अनेक घरांत मासळी होते, तेव्हाही हे पाहून घ्यावे.

शेतकऱ्याने काय करावे

ज्याच्याकडे शेततळे आहे आणि त्यात सात-आठ महिने पुरुषभर पाणी टिकते, त्याने नाल्याकडे धावण्यापेक्षा तळ्यात बीज सोडावे. साधी पद्धत अशी. उन्हाळ्यात तळे कोरडे असताना तळाला चुना टाकावा. पाणी भरल्यावर कुजलेले शेणखत घालावे. बोटुकली खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रातूनच आणावी. हेक्टरी सुमारे पाच हजार हे प्रमाण धरावे, म्हणजे एकराला दोन हजार. दहा बोटुकल्यांत चार कटला, तीन रोहू आणि तीन मृगळ असावेत. तिघेही वेगवेगळ्या थरांत चरतात, म्हणून एकमेकांचा घास काढत नाहीत. पिशवी आणल्याबरोबर ओतू नये. बंद पिशवी तासाच्या चौथाई भाग तळ्यात तरंगत ठेवावी, दोन्ही पाणी सारखे गार झाले की तोंड सोडून पिल्लांना आपोआप बाहेर जाऊ द्यावे. तांदळाचा कोंडा आणि ढेप हे त्यांचे खाद्य. मासे भल्या पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर पाण्यात हवा कमी आहे असे समजावे, शेण आणि खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे. ऑगस्टमध्ये सोडलेली मासळी पाणी आटण्याआधी, फाल्गुनाच्या सुमारास काढता येते.

बाकीच्यांनी एवढेच करावे. १६ जून ते १५ ऑगस्ट नाल्यात जाळे, मच्छरदाणी किंवा काठी चालवू नये. या काळात नदीची मासळी विकत घेऊ नये, कारण घेणारा नसला तर मारणाराही उरत नाही. नाल्यावर आडवे बांध घालून चढत्या मासळीची वाट अडवू नये. बंदी उठल्यावरही बारीक मासळी जाळ्यात आली तर परत सोडावी. आणि हे सगळे आधी आपल्या पोरांना सांगावे, कारण मृगाच्या पहिल्या पावसात नाल्यावर सर्वांत आधी तेच पोचतात.

साठ दिवस फार नाहीत. आपण पेरलेले सोयाबीन आणि कापूस तेवढ्या दिवसांत अजून फुलावरच असतात, आणि त्यांना हात लावायचे कुणाच्या मनातही येत नाही.